ऑडिट कमिटीमुळे ताळेबंदातला आकडा बदलतो का?

महाप्याच्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळणाऱ्या वाचकाचा प्रश्न असा आहे: "आमची कंपनी इलेक्ट्रिकल पॅनेल बनवते. साहेब आता एसएमई बाजारात (लहान-मध्यम कंपन्यांच्या शेअर बाजारात) आयपीओ आणायच्या तयारीत आहेत. आयपीओचं काम बघणारे मर्चंट बँकर सांगतात, स्वतंत्र संचालक घ्या, ऑडिट कमिटी नेमा, कंपनी सेक्रेटरी ठेवा. साहेब म्हणतात, ओळखीतली दोन नावं टाकू. मी बनवतो त्या ताळेबंदावर या सगळ्याचा खरंच काही परिणाम होतो, की नुसत्या फायली वाढतात?"

परिणाम होतो, आणि चांगलाच होतो. स्वतंत्र संचालक म्हणजे मालकाशी नातं किंवा कंपनीशी पैशाचा व्यवहार नसलेला संचालक, आणि ऑडिट कमिटी म्हणजे हिशेब व ऑडिटवर लक्ष ठेवणारी संचालकांची समिती. मात्र त्यासाठी कमिटीवर नावं असून भागत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये ऑडिट करता करता माझी एक सवय पक्की झाली आहे. नवीन कंपनी हातात आली की मागच्या तीन वर्षांची ऑडिट कमिटीची मिनिट्स (बैठकांची लेखी नोंद) मागवते आणि त्यात एकच गोष्ट शोधते: कमिटीपुढे गेलेला एखादा आकडा बदलून परत आला आहे का? एखादी तरतूद वाढली, एखादी विक्री पुढच्या वर्षात गेली, एखाद्या कराराचा दर खाली आला, असं काहीही चालेल. दर बैठकीखाली "चर्चा झाली व मंजूर करण्यात आले" एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या कंपनीचा स्टॉक आणि येणी मी दुप्पट तपासते.

ताळेबंदातले काही आकडे पक्के असतात, काही हलते. बँकेतली शिल्लक बँकेकडून थेट पत्र मागवून कळते, भरलेला जीएसटी पोर्टलवर दिसतो. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली विक्री, पडून राहिलेल्या मालाची किंमत, जुन्या येण्यांतली वसूल होणारी रक्कम, वॉरंटीपोटी करायची तरतूद, प्रमोटरच्या (कंपनी उभी करणाऱ्या मालकाच्या) घरच्यांशी झालेले व्यवहार, हे सगळं कुणाच्या तरी अंदाजावर किंवा शब्दावर उभं असतं. अंदाज कुणाचा धरायचा, आणि "मला हे पटत नाही" असं त्याला तोंडावर कोण म्हणू शकतं, इथे कंपनीचा कारभार आणि हिशेबाचा दर्जा यांची गाठ पडते. मोठ्या घोटाळ्यांच्या बातम्या होतात. एरवी नफा फुगतो तो असाच, चार अंदाज थोडे थोडे वर सरकवून.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. मार्चअखेरीला पॅनेल तयार आहे, पार्टीचा माणूस येऊन इन्स्पेक्शन करून गेला आहे, ३१ मार्चच्या तारखेचं बिल फाडलं आहे. गाडी मात्र ४ एप्रिलला निघाली. सेल्सवाले म्हणतात, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आहे, माल तयार आहे, विक्री झालीच की. तुमच्यासारख्या कंपनीला सहसा अकाउंटिंग स्टँडर्ड ९ (विक्री कधी धरायची याचा नियम) लागतो, आणि तो विचारतो की मालाची जोखीम आणि मालकी गिऱ्हाइकाकडे गेली का. साइटवर पोचवून द्यायची अट असेल, तर रस्त्यात पॅनेल आपटलं तरी नुकसान तुमचंच. मग ती विक्री या वर्षाची नाही. हे तुम्हाला कळतं, डिस्पॅचवाल्याला कळतं, गेटवरच्या वॉचमनलाही गाडी कधी गेली ते माहीत असतं. माहिती कंपनीतच असते. ती कुणाला सांगायची, आणि सांगितल्यावर काही होईल का, याची सोय बहुतेक कंपन्यांत नसते.

रबाळ्याच्या एका कंपनीत ही सोय झालेली मी जवळून पाहिली. ऑडिट कमिटीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले कर्ज विभागाचे अधिकारी होते. त्यांनी एक साधा कागद मागितला: मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांतली सगळी बिलं, आणि प्रत्येकापुढे चार तारखा. बिलाची, ई-वे बिलाची, गेटच्या जावक रजिस्टरमधली आणि गिऱ्हाइकाच्या पोचपावतीची. पहिल्या वर्षी कागद कमिटीपुढे ठेवल्यावर खोलीत बरीच शांतता होती. काही बिलं मागे घेऊन पुढच्या वर्षात टाकावी लागली, नफा कमी झाला, प्रमोटर नाराज झाले. पण पुढच्या मार्चमध्ये तसली बिलं जवळजवळ फाडलीच गेली नाहीत. कागद मागितला जाणार हे सेल्सच्या टीमला ठाऊक होतं. एवढं केलं की ऑडिटरने चूक पकडण्याआधीच ती होणं थांबतं, आणि वर्षभराचे मासिक आकडेही सुधारतात.

स्टॉकचंही तसंच. पॅनेलच्या धंद्यात जुने रिले, बंद झालेल्या मॉडेलचे ब्रेकर, एखाद्या रद्द झालेल्या ऑर्डरसाठी कापून ठेवलेला पत्रा, असा माल कोपऱ्यात साठत जातो. तरतुदीचा विषय निघाला की मालक सांगतात, तांबं कधी वाया जात नाही. तांब्याच्या बसबारबद्दल ते खरंही आहे, भंगारातसुद्धा त्याला भाव मिळतो. पण जुन्या रिलेला मिळत नाही. कमिटीतल्या माणसाने विचारायचा प्रश्न एवढाच: हा नग शेवटचा कधी विकला, आणि कितीला? याचं उत्तर नसेल, तर तो नग खरेदीच्या किमतीला ताळेबंदात ठेवता येत नाही. खरेदीची किंमत आणि विकून हाती येणारी रक्कम यातली जी कमी, ती धरायची, हा नियम नवा नाही. नियम लावण्यासाठी खोलीत कुणीतरी लागतो.

याच स्टॉकचा दुसरा आकडा दर महिन्याला वाशीच्या बँकेत जात असतो, कॅश क्रेडिटसाठीच्या (माल तारण ठेवून मिळणाऱ्या खेळत्या कर्जासाठीच्या) स्टॉक स्टेटमेंटमध्ये. ड्रॉइंग पॉवर (तारणावर उचलता येणारी रक्कम) कमी पडू नये म्हणून तिथे स्टॉक चढवून दाखवायचा आणि पुस्तकात वेगळा ठेवायचा, ही खोड या पट्ट्यात जुनी आहे. ५ कोटींच्या वर खेळत्या भांडवलाची मर्यादा मंजूर असेल, तर बँकेला दिलेली तिमाही पत्रकं पुस्तकांशी जुळतात का, हे कारो २०२० (ऑडिटरच्या अहवालात काय लिहायचं याचा सरकारी आदेश) प्रमाणे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. तुमचं आयपीओचं कागदपत्र वाचणारा कुणीही शहाणा माणूस हा परिच्छेद आधी उघडतो. म्हणून स्टॉक स्टेटमेंट बँकेत जाण्यापूर्वी तुमच्या हाताखालून जायला हवं. ते खरेदी विभाग बनवत असेल, तर आजपासून स्वतःकडे घ्या.

अभ्यासकांचं काय म्हणणं आहे, तेही थोडक्यात सांगते. अमेरिकेत मार्क बीझली यांनी १९९६ मध्ये घोटाळा झालेल्या ७५ कंपन्या आणि न झालेल्या ७५ कंपन्या समोरासमोर ठेवल्या. घोटाळा न झालेल्या कंपन्यांच्या बोर्डावर बाहेरच्या संचालकांचं प्रमाण जास्त होतं. एप्रिल क्लाइन यांनी २००२ मध्ये दाखवलं की ऑडिट कमिटी जितकी स्वतंत्र, तितका नफ्यातला रोखीशिवायचा, अंदाजातून आलेला अस्वाभाविक भाग कमी. दोन्ही निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळतात. पण तिथे प्रश्न पगारी व्यवस्थापक आणि विखुरलेले भागधारक यांच्यातला आहे. आपल्याकडे प्रमोटरकडेच बहुधा निम्म्याहून जास्त शेअर असतात आणि स्वतंत्र संचालकाची नेमणूकही व्यवहारात तोच करतो. त्यामुळे आपल्याकडे संख्येपेक्षा माणूस महत्त्वाचा ठरतो.

याचा सर्वांत कडू पुरावा हैदराबादच्या सत्यम या आयटी कंपनीचा आहे. बोर्डावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन होते. उत्तम कारभाराचा पुरस्कारही कंपनीला मिळाला होता. तरीही १६ डिसेंबर २००८ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंध असलेल्या, बांधकाम क्षेत्रातल्या मायटास कंपन्या विकत घेण्याचा ठराव त्याच बोर्डाने मंजूर केला, आणि गुंतवणूकदारांनी ओरड केल्यावर काही तासांत तो मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. शेवटच्या तिमाहीत ऑपरेटिंग मार्जिन (विक्रीच्या तुलनेत धंद्यातून उरणारा नफा) २४ टक्के दाखवलं होतं, खरं होतं ३ टक्के. बँक शिल्लक हा मी वर पक्का म्हटलेला आकडा. पण बँकेचं पत्र ऑडिटरने स्वतः मागवून स्वतःच्या पत्त्यावर घेतलं, तरच तो पक्का. कंपनीच्या माणसाने हातात आणून दिलेल्या कागदावर विसंबलं, की तो सगळ्यांत पोकळ आकडा होतो.

ठाणे-नवी मुंबईकरांना आणखी जवळची आठवण आहे ती पीएमसी बँकेची. ती कंपनी नव्हती, बहुराज्य सहकारी बँक होती, पण दुखणं तेच. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. एचडीआयएल या बिल्डर समूहाला दिलेली, थकलेली कर्जं २१ हजारांहून जास्त खोट्या खात्यांमागे लपवली होती; एकूण कर्जवाटपातला ७० टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा त्या एका समूहाकडे अडकला होता. बँकेला संचालक मंडळ होतं, ऑडिटर होते, दरवर्षी छापील अहवाल निघत होता. एकाच गिऱ्हाइकाकडे एवढं कर्ज कसं, हे विचारणारा प्रश्न मंडळाच्या टेबलावर आला असता, तर माझ्या ओळखीच्या कितीतरी पेन्शनरांचे हाल टळले असते. बँक शेवटी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. २०१८ मध्ये कर्ज बुडवणाऱ्या आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या समूहामध्येही जोखीम बघणारी कमिटी कागदावर होतीच. २०१५ ते २०१८ मध्ये ती एकदाच भरली होती.

सत्यमनंतर कायदा बराच कडक झाला. २०१३च्या कंपनी कायद्याने लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत एक तृतीयांश स्वतंत्र संचालक, ऑडिट कमिटी, ऑडिटर फर्मला सलग दहा वर्षांची मर्यादा, आणि १ कोटी किंवा त्याहून मोठी फसवणूक दिसली तर ऑडिटरने केंद्र सरकारला कळवणं, हे सगळं आणलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऑडिटरांवर देखरेख ठेवणारी एनएफआरए ही सरकारी संस्था उभी राहिली. मुख्य बाजारातल्या कंपन्यांना सेबीच्या २०१५च्या नियमांत आणखी अटी आहेत: ऑडिट कमिटीत दोन तृतीयांश स्वतंत्र, वर्षात किमान चार बैठका. एसएमई बाजारातल्या कंपन्यांना यातून बरीच सूट मिळत आली आहे, आणि निकालही तिमाहीऐवजी सहामाही द्यायचे असतात. कंपनी कायद्यातली ऑडिट कमिटी मात्र तुम्हाला सुटत नाही. तिच्यातल्या बहुसंख्य सदस्यांना, अध्यक्षांसह, आर्थिक पत्रकं वाचता आणि समजता आली पाहिजेत, असं कायदा म्हणतो. सूट आहे म्हणून कमी करायचं, असं मी कुणालाच सुचवणार नाही. लहान कंपनीत अंतर्गत ऑडिटचा विभाग नसतो, एकच माणूस चेक लिहितो आणि नोंदही टाकतो. तिथे कमिटीची गरज जास्तच असते.

आता ओळखीतल्या दोन नावांबद्दल. नातेवाईक, कंपनीशी पैशाचा व्यवहार असलेला माणूस, जुना ऑडिटर यांना कायदा अडवतो. शाळेपासूनचा मित्र किंवा सोसायटीतला शेजारी अडवला जात नाही. तुमच्या साहेबांना सांगा, एक नाव तरी असं घ्या की जो ताळेबंद उघडल्यावर नफ्याआधी कॅश फ्लो (रोखीची आवक-जावक) बघतो. निवृत्त बँक अधिकारी, तुमच्याशी संबंध नसलेला सीए, किंवा दुसऱ्या कारखान्याचा प्लांट सांभाळलेला इंजिनीयर चालेल. अशा इंजिनीयरला रद्दी माल कोणता ते आपल्यापेक्षा लवकर कळतं. मुलाखतीत त्याने जुनी येणी विचारली नाहीत, तर पुढचं नाव बघा.

साहेबांचा विरोध कशाला असेल, त्याचा मला अंदाज आहे. बहुतेक प्रमोटरांची एखादी शेड किंवा गाळा पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर असतो आणि कंपनी तिथे भाडं भरते. तळोज्याच्या एका कंपनीत हे भाडं शेजारच्या गाळ्यांपेक्षा खूप जास्त होतं. म्हणजे नफा कंपनीतून शांतपणे घरी जात होता. कधी उलटंही असतं: आयपीओच्या तोंडावर नफा चांगला दिसावा म्हणून भाडं मुद्दाम कमी लावतात, आणि लिस्टिंगनंतर ते वाढतं. दोन्ही बाबतींत ताळेबंद खोटं बोलतो, नोंदी मात्र अगदी बरोबर असतात. हा करार कमिटीपुढे न्यायचा तो आसपासच्या गाळ्यांच्या दोन-तीन नोंदणीकृत भाडेकरारांच्या प्रतींसकट. दर बाजाराला धरून असेल, तर प्रमोटरला घाबरायचं कारणच नाही.

मार्च २०२५ पासून एसएमई आयपीओसाठी मागच्या तीनपैकी दोन वर्षांत किमान १ कोटीचा ऑपरेटिंग नफा लागतो. तुमची कंपनी त्या रेषेजवळ असेल, तर येत्या मार्चमध्ये तुमच्यावर दबाव येईल हे धरून चाला. ऑफर डॉक्युमेंटमध्ये (आयपीओच्या माहितीपत्रकात) तीन वर्षांचे आकडे पुन्हा मांडून, पीअर रिव्ह्यू सर्टिफिकेट (ज्याचं काम दुसऱ्या सीएने तपासलं आहे असा दाखला) असलेल्या ऑडिटरकडून तपासून द्यावे लागतात. आज सरकवलेलं बिल दोन वर्षांनी तिथे वर येतं. आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग बंद करता येत नाही. मागच्या तारखेची नोंद कुणी, कधी बदलली, ते राहतं. त्या लॉगमध्ये बहुधा तुमच्याच लॉगिनचं नाव असेल. सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) म्हणून आर्थिक पत्रकांवर सही कराल तेव्हा कंपनी कायद्याचं ४४७ कलम एकदा वाचून घ्या. फसवणूक सिद्ध झाली तर त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे, आणि "साहेबांनी सांगितलं" हा तिथे बचाव होत नाही. लिस्टेड कंपनीत नोकरदाराला अपवादात्मक वेळी थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाकडे जायची वाट कायद्याने ठेवली आहे. ती वाट नुसती धोरणाच्या कागदावर न ठेवता, अध्यक्षांचा फोन नंबर तुमच्याकडे असू द्या.

लिस्टिंगची वाट न बघता कमिटी आत्ताच बसवा आणि सप्टेंबरअखेरच्या आकड्यांवर पहिली बैठक घ्या. कागद सात दिवस आधी पाठवा. आदल्या रात्री अकरा वाजता पाठवलेली पीडीएफ कुणी वाचत नाही. पहिल्या बैठकीला सहा महिन्यांवरची येणी पार्टीनिहाय, वर्षभर न हललेला स्टॉक आणि रिलेटेड पार्टीचे (प्रमोटरचे नातेवाईक, त्यांच्या कंपन्या यांच्याशी झालेले) सगळे व्यवहार एवढंच न्या. ऑडिटरला अर्धा तास कमिटीसोबत एकट्याने बसू द्या, साहेब आणि तुम्ही दोघंही बाहेर थांबा. मिनिट्स लिहिताना कंपनी सेक्रेटरीला सांगा की विचारलेला प्रश्न, दिलेलं उत्तर आणि बदललेली रक्कम हे तिन्ही नोंदवायचं. मर्चंट बँकर ड्यू डिलिजन्सला (आयपीओआधीच्या तपासणीला) येतील तेव्हा ही मिनिट्स त्यांच्यापुढे आपणहून ठेवा, मागायची वाट बघू नका.